स्वयंपाकघर नव्याने करतोय: ओट्याची उंची नक्की कुणाच्या मापाने घ्यायची?

मेघना_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग १९९४ ची, स्वयंपाकघर ९ बाय ८, आणि इतक्या वर्षांत त्यात चिमणी बसवली ती सोडली तर काही बदललेलं नाही. आता सिंकमागच्या भिंतीला ओल आलीये, लोखंडी पाइप आतून गंजलेत, सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं. पाइप बदलायचे म्हणजे टाइल्स फुटणारच, मग सगळंच एकदा धड करून घेऊ असं ठरलं.

घरात पाच जणं. सासूबाई ७३ वर्षांच्या, उंची ४ फूट १० इंच. मी ५ फूट ३. नवरा ५ फूट ९ आणि तो खरोखर रोज करतो बरं का, रविवारची बिर्याणी करून महिनाभर सांगणाऱ्यातला नाही, संध्याकाळची भाजी-आमटी त्याचीच असते. सकाळी २२ ते २५ पोळ्या, त्या सासूबाई आणि मी मिळून. शिवाय गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ सगळा घरी. म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकघर सकाळी सहाला सुरू होतं ते रात्री दहाला बंद.

मॉड्युलरच्या एका दुकानात गेलो. तिथला मुलगा "मॅडम आमचं स्टँडर्ड ३४ इंच" म्हणाला, आणि त्याच्यावर शेगडी ठेवली की किती होतं असं विचारलं तर गप्प. कॅटलॉगच्या एकाही फोटोत कुकर नाही, परात नाही, पोळपाट नाही. एका फुलदाणीत लिंबं ठेवलीयेत. मला खरंच राग आला, कारण तीन-साडेतीन लाख घालून आम्ही जे करणार ते पुढची वीस वर्षं आमच्या पाठीने आणि खांद्यांनी भोगायचंय.

तर मुख्य प्रश्न उंचीचा. शिवाय हॉलकडची भिंत काढून ओपन किचन करावं का, आणि खालची कपाटं प्लायची की कडप्प्याची, हेही सांगा. अनुभव हवेत, लिंका नकोत.

तिखटमीठ

भिंत काढू नका. आम्ही काढली, सहा महिन्यांत सरकती काच लावून परत बंद केली. सुकट भाजली की सोफ्याच्या कव्हरला दोन दिवस वास.

हरभरा_सोलाणे

आमच्याकडे ओपन आहे आणि आम्ही खूश आहोत. करणारा माणूस एकटा पडत नाही, पोरांचा अभ्यास घेत घेत भाजी होते. फोडणीचा ठसका हॉलमध्ये जातो हे मान्य, पण तो आधी काय फक्त आईनेच एकटीने सोसायचा होता का?

तिखटमीठ

हा मुद्दा मात्र बरोबर आहे तुमचा.

रंधा

मेघनाताई, २२ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांब लिहितो.

उंचीचं गणित असं. पायात घरात जे घालता ते घालून सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरायला, निवडायला बरोबर उंची मिळते. पोळी लाटायला, कणीक मळायला त्याहून अजून तीनेक इंच खाली पाहिजे, कारण तिथे आपण अंगाचा भार देतो आणि पोळपाटाची उंची वर धरावी लागते. आणि शेगडी! ओट्यावर ठेवायची शेगडी ४ ते ६ इंच उंच असते, तिच्यावर पातेलं म्हणजे अजून ६-७ इंच. ३४ च्या ओट्यावर पातेल्याची कड ४५-४६ इंचांवर जाते. ४ फूट १० इंच उंचीच्या माणसाचं कोपर ३६-३७ वर असतं. म्हणजे आजी आमटी ढवळतात तेव्हा हात जवळजवळ खांद्याच्या रेषेत. तीस वर्षं असं केलं की खांदा धरणार नाही तर काय होणार.

दुसरं, उंची मोजायची ती नवीन फरशीपासून. जुन्या फरशीवरच नवीन टाइल चिकटवणार असाल तर जमीन पाऊण ते एक इंच वर येते. हे विसरल्यामुळे दरवाजे तासायला लागलेली घरं मी कितीतरी पाहिलीत.

तिसरं, पुढेमागे डिशवॉशर घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. मोठं मशीन ८५ सेंटिमीटरचं म्हणजे साडेतेहेतीस इंच असतं. वर १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट धरला तर ओटा साडेचौतीसच्या खाली गेला की मशीन आत जात नाही.

प्लाय आणि कडप्प्याचं उद्या लिहितो, साइटवर निघालोय.

दुपारचा_चहा

रंधाभाऊंची पोस्ट प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

जुनं_ते_सोनं_५८

एवढं मोजमाप कशाला हो? आमच्या आईने सगळा जन्म जमिनीवर बसून स्वयंपाक केला, वीस माणसांचा. तिच्या पाठीची कधी तक्रार नव्हती.

मेघना_कोथरूड

काका, आदराने सांगते, तक्रार नव्हती की सांगायला कुणी नव्हतं?

वैशाली_मालवण

काकांचं पूर्ण चुकीचं नाही पण. माझी आजी चुलीपुढे पाटावर बसायची. चूल गुडघ्याच्या उंचीची, परात मांडीशी, विळी पायाखाली दाबलेली, पाण्याची कळशी डाव्या हाताला. उठायलाच लागायचं नाही. तेव्हाही सगळं मापातच होतं, फक्त ते माप तिने स्वतः चूल घालताना घेतलेलं होतं. दर पावसाळ्यानंतर ती चूल मोडून नवी घालायची, आणि घालताना समोर बसून हात पुढे करून बघायची. आता माप दुकानातला मुलगा घेतो, आणि तो पोळ्या लाटत नाही.

प्राजक्त_नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात ओट्याशी उभं राहणं हीच शिक्षा आहे. पंखा लावला की ज्योत फडफडते, नाही लावला की माणूस शिजतो. आम्ही रिनोव्हेशनमध्ये एकच शहाणपण केलं, शेगडी खिडकीसमोरून काढून बाजूच्या भिंतीला नेली आणि भिंतीवरचा छोटा पंखा करणाऱ्याच्या पाठीवर वारा येईल असा लावला. ज्योतीला वारा लागत नाही, माणसाला लागतो. खर्च अठराशे रुपये.

आणि सॉकेट. आत्ता मोजा, मिक्सर, फ्रिज, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, इंडक्शन, चिमणी. इंडक्शनच २००० वॉट खातं. ओव्हन आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट आणि बोर्डपासून वेगळी वायर ओढून घ्या. ९४ च्या वायरिंगवर हे सगळं टाकू नका.

माइनकाठ

मी फ्रांकफुर्टला राहते. इथे भाड्याचं घर घेतलं तर स्वयंपाकघर म्हणून पुष्कळदा नुसती खोली मिळते, भिंतीतून नळाची दोन टोकं आणि स्टोव्हची वायर. ओटा, कपाटं, सिंक सगळं आपण आणायचं आणि जाताना उचलून न्यायचं. पहिल्या घरात आम्ही दोन महिने फरशीवर इंडक्शन ठेवून खिचडी केली.

गंमत म्हणजे आज जगभर जे फिटेड किचन म्हणतात त्याची सुरुवात ह्याच गावातली. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी कामगारांच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, तशी सुमारे १० हजार बसवली गेली. डाळ-तांदूळ-साखरेला अॅल्युमिनियमचे खण, बसून चिरता येईल असं खिडकीखालचं टेबल आणि त्यातच कचरा ढकलायचा खण. मी इथल्या म्युझियममध्ये पाहिलंय. त्यांनी बायकांची पावलं मोजून हे केलं होतं, फक्त ते एकाच बाईसाठी होतं, दुसरं माणूस आत आलं की धक्का लागतो. आपल्याकडे सणाला चार जणी असतात. मेघना, तुम्ही दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहू शकतील एवढी मधली जागा ठेवाच, निदान चार फूट.

हरभरा_सोलाणे

खिडकीखाली बसून चिरायची जागा ही आयडिया मी उचलली. आईला गुडघ्याचा त्रास आहे.

डिचोलीकर

गोव्याहून. आमच्यात मासळी घरात साफ करत नाहीत, मागच्या दारी दगडावर. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा बायकोने अटच घातली की ड्राय बाल्कनीत वेगळं सिंक पाहिजे, कमरेच्या खाली, खोल, आणि वर हाताने धरायचा फवारा. मुख्य सिंकमध्ये खवले जात नाहीत, बांगड्याचा वास स्वयंपाकघरात राहत नाही. मासे खाणारे असाल तर हे कराच. नारळ खवायलाही तिथेच खाली जागा ठेवलीये, आडाळी, म्हणजे बसून वापरायची खवणीची विळी, मांडायला. ओट्यावर नारळ खवणं हे काय आम्हाला जमलेलं नाही.

तिखटमीठ

आडाळी! माझ्या आजोळचा शब्द. किती वर्षांनी वाचला.

दुपारचा_चहा

चिमणीबद्दल कुणी बोललंच नाही. घेऊ की नको? आमच्याकडे घेतली, तिच्यावर आता घाण्याच्या तेलाच्या बाटल्या आणि धूळ साठते.

नीरज_डोंबिवली

चिमणी चालते, बसवणारे चुकतात. आमची पहिली शेगडीपासून ४० इंच वर लावलेली, धूर तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच घरभर. साधारण २६ ते ३० इंचांवर पाहिजे. पाइप सहा इंची, जितका आखूड तितका बरा, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. आणि पाइप बाहेर काढायचा नसेल, नुसती कोळशाच्या फिल्टरची घ्यायची असेल, तर आपल्या फोडणीला ती पुरत नाही, त्यापेक्षा खिडकीतला साधा एक्झॉस्ट बरा.

रंधा

आलो. नीरजशी सहमत.

आता कपाटं. सिंकखाली आणि शेगडीखाली आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय, बाकीकडे आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही तग धरणारा प्लाय चालतो. दुकानात "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणतील, शिक्का बघायचा, आणि कापल्यावर उघड्या कडा, पाइपसाठी पाडलेली भोकं सील करून घ्यायची. पाणी शिरतं ते कडेतून शिरतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, सिंकजवळ नकोच, एकदा फुगला की परत बसत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जुन्या पुण्यातली पद्धत अजून वाईट नाही. उभे-आडवे कडप्पे, त्यावर ग्रॅनाइट, आणि फक्त दारं आणि ड्रॉवर प्लायचे. कडप्प्याला वाळवी नाही, पाण्याची भीती नाही, पिंपभर गहू ठेवा. जाडीमुळे जागा थोडी जाते एवढंच.

ड्रॉवर मात्र जरूर घ्या. खाली वाकून कपाटात हात घालण्यापेक्षा सगळं बाहेर येतं. चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांच्यावर सरकतो त्या पट्ट्या, किती किलोचे ते विचारा, कुकर-परात-तव्याच्या ड्रॉवरला ५० किलोवालेच.

आणि हो, सिलेंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवणार असाल तर दाराला अगदी जमिनीलगत जाळी पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, त्याला वरच्या बाजूला वाट पाहिजे. बरेच जण एकाची जाळी दुसऱ्याला लावून मोकळे होतात.

अळूवडी

झुरळांचं काय? मॉड्युलर केल्यापासून आमच्याकडे फौज आहे.

रंधा

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जी फट राहते ना, तिथे वस्ती. आणि खालची पट्टी पक्की ठोकून बंद केलेली असते, मागे कधी झाडूच जात नाही. ती पट्टी क्लिपवर बसवून घ्या, महिन्याला काढून धुता येते. पाइप भिंतीत जातो तिथलं भोक सिमेंटने भरा.

सई_सॅन_होजे

इथे ओट्याला पांढरा क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात केलेला दगड, घेतला, सुंदर दिसतो, आणि पहिल्याच महिन्यात हळदीचा डाग पडला तो अजून आहे. शिवाय गरम कढई सरळ टेकवता येत नाही, त्यात राळ असते ती भाजते. आईने आल्या आल्या तवा उतरवून ठेवला आणि मी किंचाळले, आई बिचारी दोन दिवस गप्प होती. मेघना, काळा ग्रॅनाइट घ्या. माणसाने स्वयंपाकघरात दगडाला घाबरून वावरू नये. संगमरवर तर नकोच, लिंबू-चिंच सांडली की चकाकी जाते.

मेघना_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत काढत नाही, पण तिला ३ फुटांची खिडकी करतोय, वाढायला आणि बोलायला. तिखटमीठ आणि हरभरा दोघंही जिंकले.

काल आम्ही तिघांची कोपरं मोजली. सासूबाई साडेछत्तीस, मी एकोणचाळीस, नवरा साडेत्रेचाळीस. सात इंचांचा फरक. एकच ओटा तिघांना कसा होणार? मग मधलं धरून माझ्या मापाने करायचा का?

वैशाली_मालवण

थांबा. आधी करून बघा. डायनिंग टेबल ३० इंच असतं. त्यावर पोळपाट ठेवून आजींना दहा पोळ्या लाटू द्या. मग पोळपाटाखाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे घालून एकेक इंच वाढवा. कुठे खांदे वर यायला लागतात ते बाजूला उभं राहून तुम्ही बघा, त्यांना विचारू नका, त्या "चालेल गं" म्हणतील.

मेघना_कोथरूड

वैशाली, केलं. आणि आज तुमच्यासाठी पुरणपोळी करावीशी वाटतेय.

तीसवर लाटताना सासूबाईंचे दोन्ही खांदे खाली होते, लाटणं तळहाताने ढकलत होत्या. बत्तीसला बोटांनी धरायला लागल्या. चौतीसला, म्हणजे आमच्या आत्ताच्या ओट्याइतकं, त्या चक्क टाचा उचलत होत्या. मी एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून पोळ्या भाजतेय आणि त्यांच्या टाचा मी कधी बघितल्याच नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ह्या घरात आल्यापासून तसंच आहे." मला पुढे काही बोलताच आलं नाही.

जुनं_ते_सोनं_५८

मेघना, तुमचं वाचून आत जाऊन आमच्या हिची उंची आणि ओटा दोन्ही मोजून आलो. आधीचं माझं वाक्य मागे घेतो.

रंधा

मग दोन उंचीचे ओटे करा. तुमची खोली एल आकाराची होतेय. लांब बाजूला सिंक, चिरणं, मिक्सर, ती साडेचौतीस. आखूड बाजू तीस, तिथे शेगडी आणि शेजारी पोळ्या. शेगडीचा बर्नर ३५ वर येईल, आजींच्या कोपराच्या खाली. साहेबांना सिंक उंच मिळेल, सिंकमध्ये आपण तळाशी काम करतो त्यामुळे ते जरा उंचच बरं.

पायरी येते तिथे उंच बाजूच्या दगडाची कड गोल करून घ्या, परात आपटून टवका उडतो. आणि सांध्याला ग्रॅनाइटचीच उभी पट्टी, मागे सिलिकॉन.

अळूवडी

बाहेर ओढायची फळी का नको पोळ्यांसाठी? जागा वाचेल.

रंधा

पीठ मळायला जोर लावला की चॅनल लचकतो, वर्षभरात फळी झुलायला लागते. चहाचा कप ठेवायला ठीक. पोळीला खाली पक्का आधार पाहिजे.

नीरज_डोंबिवली

आणि उंच नवऱ्याने चिरायचं कुठे? साडेचौतीस त्यालाही कमीच.

माइनकाठ

जाड लाकडी पाट, पायांसकट तीन-चार इंचांचा, त्यावर चिरायचं. उंच माणसाला पाट देता येतो, बुटक्या माणसाला ओटा कापून देता येत नाही.

मेघना_कोथरूड

दीड महिन्याने धागा वर आणतेय. झालं एकदाचं! पंधरा दिवस म्हणाले होते, लागले सदतीस. राडारोडा उचलायला आलेला टेम्पो सोसायटीने दुपारी दोन ते चार आत घेतला नाही त्यात दोन दिवस गेले, आणि ओलीची भिंत सुकायला आठ. तोवर इंडक्शन गॅलरीत आणि भांडी बाथरूममध्ये. पाइप सगळे सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे केले, टाइल्स लावायच्या आधी उघड्या भिंतीचे टेप धरून फोटो काढून ठेवलेत, हे रंधाभाऊंनी फोनवर सांगितलं होतं. चिमणीसाठी पहिलं भोक पाडताना फोटो कामाला आले, पाइप अवघ्या दोन इंचांवर होता.

ओटे साडेचौतीस आणि तीस. खाली कडप्पे, दारं मरीन प्लायची, पाच मोठे ड्रॉवर. पोळ्यांच्या जागेखाली कपाट केलंच नाही, मोकळं ठेवलंय, तिथे स्टूल सरकतं. सासूबाई आता मोदकाच्या पाऱ्या बसून करतात. एक चूक झाली ती सांगते म्हणजे कुणाची टळेल. वरची कपाटं आधीच्या हिशोबाने लावली, तीसच्या ओट्यावर ती फार उंच पडली, त्यांचा खालचा कप्पासुद्धा सासूबाईंच्या हाताला येत नाही. आता त्या भिंतीला मध्ये एक उघडी फळी ठोकून मिसळणाचा डबा, तेल, मीठ तिथे आणलंय.

अळूवडी

तीसच्या ओट्याची लांबी किती ठेवलीत? आम्ही पुढच्या महिन्यात सुरू करतोय. आणि फळी किती उंचीवर?

मेघना_कोथरूड

कोपरा सोडून सहा फूट. शेगडीला अडीच, उरलेल्यात पोळपाट आणि परात शेजारी शेजारी बसतात. फळी जमिनीपासून ५० इंचांवर, पाच इंच खोल, त्याहून खोल नको, डोकं लागतं. पण आमच्या मापाने ठोकू नका, तुमच्याकडे जे लाटतात त्यांना समोर उभं करा आणि हात पुढे करायला सांगा.